जन्ममरणास बंदी असलेलें बेट

वय झालेल्या माणसांनीं परदेशच्या प्रवासास टोळीबरोबर जावें कीं स्वतंत्र जावें, असा प्रश्न आमच्या अनेक वाचकांनीं विचारला आहे. टोळीचा प्रवास स्वस्त पडतो व जेवणाखाणाची विवंचना राहत नाहीं, हें खरें. परंतु चाळीस-पन्नास माणसांच्या घोळक्यांत वर धरलेल्या झेंडीमागें धांवणें साठी उलटल्यावर सोसत नाहीं. आणि जें पाहिलें त्याचा अर्थ विचारावयास कोणी मोकळें सांपडत नाहीं. यंदा ज्येष्ठांत चिरंजीव व सूनबाई यांच्यासह ग्रीस देशीं आठ दिवस राहण्याचा योग आला, तेव्हां आम्हीं निराळी युक्ति केली. सात दिवस स्वस्थ बसलों, आणि एका सकाळीं अर्ध्या दिवसापुरती स्वतंत्र मार्गदर्शिका ठरवून एकच स्थळ पाहिलें. बाईंचें मानधन टोळीच्या वर्गणीपेक्षां पुष्कळ अधिक पडलें. पण तें चौघांत वांटलें गेलें, शिवाय आमच्या कुटुंबाच्या गुडघ्यांनीं कोठें थांबावयाचें हें त्या गुडघ्यांनींच ठरविलें. हा लाभ पैशांत मोजतां येत नाहीं.

तें स्थळ म्हणजे डीलॉस. मिकोनोस या गजबजलेल्या बेटाच्या जुन्या बंदरांतून बोटीनें अर्ध्या तासाची वाट. बोट सर्वांची एकच असते. स्वतंत्रपणा काय तो किनाऱ्यावर उतरल्यावर. उन्हाळ्यांत उत्तरेचा वारा सुटला म्हणजे बोटी बंद राहतात, म्हणून आदल्या रात्रीं चौकशी केलेली बरी. बेट लांबीस सुमारें ५ किलोमीटर, रुंदीस दीड किलोमीटरहूनहि कमी. त्यांतील सर्वांत उंच टेकडी किंथॉस, ती अवघी ११२ मीटर. सभोंवार बेटांचें कडें आहे, म्हणून त्या द्वीपसमूहास सायक्लडीझ म्हणतात. यांतील मूळचा ग्रीक शब्द ‘क्युक्लॉस’ आणि आपलें ‘चक्र’ हीं सख्खीं भावंडें आहेत, हें कळल्यावर जागा एकदम ओळखीची वाटूं लागली.

बेटावर गांव नाहीं. रखवालदार व उत्खनन करणारे यांखेरीज कोणासहि तेथें रात्र काढतां येत नाहीं. झाड औषधालाहि मिळावयाचें नाहीं. आहे तें ऊन, वारा, सरडे आणि मैलभर पसरलेले संगमरवरी दगड. १८७० नंतरच्या दशकापासून फ्रेंच विद्वानांनीं तेथें खोदकाम चालविलें आहे आणि १९९० सालीं युनेस्कोनें या बेटाची जागतिक वारशांत गणना केली.

अशा नापीक खडकाचें माहात्म्य कशांत? कथा अशी आहे. देवराज झ्यूस याच्यापासून लेटो गरोदर राहिली. झ्यूसची पट्टराणी हेरा मत्सरानें पेटली, आणि तिच्या भयानें कोणतीहि भूमि लेटोस थारा देईना. दिवस भरलेली ती बाई देशोदेशीं हिंडली. शेवटीं, गमावण्यासारखें कांहीं जवळ नसलेल्या या बेटानें तिला आसरा दिला. तरी हेरेनें प्रसूतीच्या देवतेस अडकवून ठेवलें. नऊ दिवस आणि नऊ रात्री लेटोनें वेणा सोसल्या, आणि मग एका खजुरीच्या झाडास मिठी मारून ती मोकळी झाली. त्या मुलाचें नांव अपोलो. आर्टेमिस ही त्याची जुळी बहीण. अपोलो हा संगीताचा व भविष्यकथनाचा देव. शिवाय तो धनुर्धर. आमच्या रुद्राप्रमाणें रोगहि त्याच्याच बाणानें यावयाचा आणि उपायहि त्याच्याच हातीं. ज्या तळ्याकांठीं हा जन्म झाला असें मानीत, तें तळें हिंवतापाच्या भयानें १९२५ च्या सुमारास आटविण्यांत आलें. आज तेथें एक गोल खळगा आहे आणि त्याच्या मध्यभागीं संशोधकांनीं आठवणीदाखल लावलेलें एक खजुरीचें झाड. जवळच नॅक्सॉसच्या लोकांनीं इसवी सनापूर्वीं सातव्या शतकांत वाहिलेले संगमरवरी सिंह जबडा पसरून ओळीनें बसले आहेत. उघड्यावर दिसतात त्या प्रतिकृति. अस्सल सिंह वाऱ्यापावसापासून वांचविण्यासाठीं संग्रहालयांत हलविले आहेत. एक मात्र फार पूर्वींच व्हेनिसला गेला, आणि तेथें त्यास परकें मस्तक बसविण्यांत आलें.

त्या खळग्याच्या कांठीं बसलों असतां मार्गदर्शिका बाई सूनबाईंकडे पाहून हंसल्या. सूनबाईंस सहावा महिना होता व तो आतां दिसूं लागला होता. बाई म्हणाल्या, “अडीच हजार वर्षांपूर्वीं दिवस भरत आल्यावर तुम्हांला येथें राहूं दिलें नसतें.” आम्हांस वाटलें, ही थट्टा. परंतु तो इतिहास आहे आणि थ्युसिडिडीज या चोख इतिहासकारानें तो नमूद करून ठेवला आहे. अथेन्सचा सत्ताधीश पायसिस्ट्रेटस यानें प्रथम देवळाच्या दृष्टीच्या टप्प्यांतील थडगीं काढविलीं. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं, इ. स. पूर्व ४२६ सालीं, अथेन्सच्या लोकांनीं साऱ्या बेटावरचीं थडगीं उकरून शेजारच्या रेनिया बेटावर नेलीं आणि नियम केला, कीं यापुढें डीलॉसवर कोणी मरूं नये व कोणी जन्मूं नये. आसन्नमरण माणसास आणि दिवस भरलेल्या स्त्रीस होडींत घालून रेनियाला पोंचवावें. एवढ्यानेंहि शुद्धि पुरी होईना, म्हणून ४२२ सालीं मूळ रहिवाशांनाच बेटावरून हांकलून दिलें. पुढल्याच वर्षीं डेल्फीच्या देववाणीमुळें त्यांना परत आणावें लागलें.

एका अडलेल्या बाईस जागा दिली म्हणून जें बेट पवित्र झालें, त्याच बेटावर बाळंतपणास बंदी! समोर रेनिया दिसत होती. मधली खाडी अरुंद आहे. परंतु त्या दिवशीं वारा होता, लाटांवर फेंस होता. त्या वाऱ्यांत, कळा येत असलेल्या बाईस उघड्या होडींत बसवून नेणारे बाप, नवरे, दीर आमच्या डोळ्यांपुढें आले. थ्युसिडिडीजनें आणखी एक गोष्ट लिहिली आहे. उकरलेल्या थडग्यांतील निम्म्याहून अधिक प्रेतें कॅरिया प्रांतांतील लोकांचीं निघालीं. बरोबर पुरलेल्या शस्त्रांवरून तीं ओळखलीं गेलीं. त्यास त्यांत इतिहासाचा पुरावा दिसला, आणि तो दिसणें योग्यच होतें. होडींतल्या बायकांविषयीं मात्र त्यानें नियमापलीकडे कांहीं लिहिलें नाहीं.

आम्ही सूनबाईंस समजावून सांगूं लागलों, कीं आपल्याकडील सुवेर आणि सुतक यांची रीति यापेक्षां निराळी. आपलें अशौच काळानें बांधलेलें आहे. दहा दिवस सरले, स्नान झालें, कीं तें संपलें. आपण भूमीस त्यासाठीं कायमची बंदी केली नाहीं. उलट काशीस माणसें मुद्दाम मरावयास जातात, आणि मणिकर्णिकेवरील चिता ऐन क्षेत्रांत जळत असतात. आमचें हें विवेचन चाललें असतां आमच्या कुटुंबानें पिशवींतून पाण्याची बाटली काढून सूनबाईंच्या हातीं दिली आणि शांतपणें म्हटलें, “त्यांचें बेट होतें, आपली खोली होती.” थोरल्याच्या वेळीं इस्पितळांतून घरीं आल्यावर माजघरामागच्या काळोख्या खोलींत त्यांनीं दहा दिवस काढले होते, पाण्याचा तांब्या उंबऱ्यावरून आंत सरकविला जाई, आणि देवघर चार हातांवर असूनहि घंटा तेवढी ऐकूं येई. विश्रांति मिळावी, बाळास परकी बाधा होऊं नये, हा हेतु त्या चालीच्या मुळाशीं असेलहि. तो नाकारण्याचें कारण नाहीं. पण विश्रांतीला उजेड चालतो. यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि वाचकांपैकीं कोणापाशीं असेल तर तें त्यांनीं प्रथम आपल्या घरच्या वडील बायकांस ऐकवून पाहावें.

शुद्धीच्या नियमांनीं केवळ छळच केला असें म्हणणेंहि अन्यायाचें होईल. अथेन्सहून दरसाल एक पवित्र नौका डीलॉसला येई. ती निघाल्यापासून परत येईपर्यंत अथेन्समध्यें कोणासहि देहान्त शिक्षा देतां येत नसे. इ. स. पूर्व ३९९ मध्यें सॉक्रेटीसास विषाचा पेला ठरला, तो नेमका ही नौका निघण्याच्या वेळीं. म्हणून त्यास सुमारें महिनाभर कारागृहांत मित्रांसह संभाषण करावयास मिळालें. आम्ही शाळेंत असतां सॉक्रेटीसाचा मृत्यु अनेक वर्षें शिकविला. परंतु त्याचें शेवटचें बोलणें जगास मिळालें यांत या ओसाड खडकाचा वांटा आहे, हें तेथें उभें राहिल्यावर खरें उमजलें.

मास्तरकीची खोड जात नाहीं, म्हणून गणिताचेंहि थोडें सांगतों. डीलॉसच्या लोकांवर सांथ आली तेव्हां देववाणी झाली, कीं अपोलोची वेदी दुप्पट करा. वेदी घनाकृति होती. लोकांनीं प्रत्येक बाजू दुप्पट केली. अर्थात् वेदी आठपट झाली! दुप्पट घनासाठीं बाजू सुमारें १.२६ पट हवी. ही लांबी नुसती पट्टी व कंपास घेऊन काढतां येत नाहीं, हें वांझेल या फ्रेंच गणितज्ञानें १८३७ सालीं सिद्ध केलें. आमच्या शुल्बसूत्रकारांसहि वेदी वाढविण्याचें काम होतेंच. अग्निचयनांत पहिलें चयन साडेसात चौरस पुरुषांचें, आणि पुढच्या प्रत्येक वेळीं आकृति तीच ठेवून एक चौरस पुरुष अधिक. पण त्यांचा प्रश्न क्षेत्रफळाचा होता आणि चौरसाच्या कर्णावर दुप्पट चौरस होतो हें बौधायनास ठाऊक होतें. एकाच्या प्रश्नास दोरीनें उत्तर मिळालें, दुसऱ्याचा प्रश्न दोन हजारांवर वर्षें अडून राहिला. यांत कोणी थोर व कोणी लहान ठरत नाहीं. नातवंडांस मात्र हें उदाहरण अवश्य घालावें.

देवळांच्या भागापेक्षां आमच्या मंडळींस राहत्या घरांचा भाग अधिक आवडला. अरुंद बोळ, आणि दारांतून आंत शिरलें कीं थेट आपल्या वाड्याचा चौक! चौकाच्या फरसबंदीखालीं पावसाच्या पाण्याचें टांकें, भोंवतीं खांब, खांबांमागें खोल्या. एका घरांत वाघजातीच्या पशूवर बसलेल्या डायोनायसस देवाचें चित्र बारीक रंगीत खड्यांनीं जमिनींत जडविलें आहे. दुसऱ्या घरांत क्लिओपात्रा नांवाच्या एका अथेन्सच्या गृहिणीनें पतीचा गौरव म्हणून इ. स. पूर्व १३८ च्या सुमारास दोघांचा पुतळा बसविला. ही इजिप्तची राणी नव्हे. पतीनें अपोलोच्या मंदिरास रुप्याच्या दोन तिवया वाहिल्या, ही हकीकत तिनें खालीं कोरून ठेवली. दोघांचींहि मस्तकें आतां नाहींत. वस्त्रांच्या चुण्या मात्र कालच घातल्यासारख्या.

हें वैभव आलें कोठून? इ. स. पूर्व १६६ मध्यें रोमनांनीं डीलॉस अथेन्सच्या हवालीं करून तेथें जकातमुक्त बंदर केलें. मग सीरिया, इजिप्त, इटली, सर्वत्रचे व्यापारी आले, आपापले देव घेऊन आले. आयसिसचें देऊळ टेकडीच्या उतारावर अद्याप उभें दिसतें. आणि व्यापारांतला मोठा माल म्हणजे माणसें. स्ट्रेबो हा भूगोलकार लिहितो, कीं एका दिवसांत दहादहा हजार गुलाम उतरवून घेण्याची व विकून रवाना करण्याची या बंदराची शक्ति होती. जेथें मूल जन्मल्यानें भूमि विटाळत होती, तेथें तेंच मूल मोठें झाल्यावर साखळदंडांत विकल्यानें ती विटाळत नव्हती. मार्गदर्शिका बाईंनीं हें सांगून झाल्यावर कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. पुढें इ. स. पूर्व ८८ मध्यें मिथ्रिडेटीस राजाच्या सैन्यानें आणि ६९ मध्यें चाच्यांनीं बेट लुटलें, व्यापाराच्या वाटा पालटल्या, आणि वस्ती हळूहळू उठली.

किंथॉस टेकडीवर आम्ही चढलों नाहीं. चिरंजीव एकटे जाऊन आले व वर वारा फार आहे एवढें सांगितलें. जाणारांनीं टोपी आणि पाणी विसरूं नये. तीन तासांत सांवली जवळजवळ नाहींच.

परतीच्या बोटींत एक घरगुती प्रश्न निकालांत निघाला. सूनबाईंचे दिवस भाद्रपदांत भरतात, आणि वाईस वडील बंधूंकडे एकत्र कुटुंबाचा गणपति असतो. मूल जर्मनींत जन्मलें तरी सुवेर वाईस पोंचणार. मग मूर्ति कोणीं बसवावी, असें त्यांनीं आम्ही निघण्यापूर्वींच विचारलें होतें. आरंभिलेल्या कर्मास अशौच बाधत नाहीं, ही शास्त्राची सवलत आम्हांस ठाऊक होती. प्रश्न आरंभाआधींचा होता. आमच्या कुटुंबाचा निर्णय असा पडला, कीं पूजा उपाध्यायांकडून करवावी, आरती मात्र सूनबाईंस दूरध्वनीवर पहिल्या दिवसापासून दाखवावी, त्यांत दहा दिवसांची वाट पाहूं नये. तसें आम्हीं वाईस लिहिलें आहे. वडील बंधूंचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. वहिनींचें आलें आहे, आणि त्यांनीं आरतीची वेळ कळविली आहे.

रेनियाला नेलेल्या थडग्यांतलीं भांडीकुंडीं १८९८ सालीं तेथील एका खड्ड्यांत सांपडलीं. तीं ठेवावयास मिकोनोसच्या बंदराजवळ एक लहानसें संग्रहालय मुद्दाम बांधलेलें आहे. तें पाहावें असें आमच्या मनांत फार होतें. पण सूनबाईंस भूक लागली होती, म्हणून आम्ही सरळ जेवावयास गेलों.