हरळीची मुळी

आमच्या शाळेतील गणिताचे निवृत्त गुरुजी गेल्या महिन्यात भेटले. दोन वर्षांपूर्वी त्यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झाला. रोजच्या इमॅटिनिबच्या गोळीने त्यांना चांगला गुण आला आहे. ‘‘रक्त स्वच्छ झाले, हेडमास्तर. मग आता गोळी कशाला?’’ त्यांनी विचारले. मी पडलो मराठीचा माणूस; परंतु या प्रश्नाचा शोध गणितानेच घेतला आहे, हे माझ्या वाचनात आले होते.

कर्करोगाच्या साऱ्या पेशी सारख्या नसतात. १९९४ साली टोरांटो येथे जॉन डिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका, तीव्र स्वरूपाच्या रक्तकर्करोगाच्या पेशी उंदरांत सोडल्या. रोग रुजविण्याचे सामर्थ्य सुमारे अडीच लाखांत एकाच पेशीत आढळले. या त्या कर्करोगाच्या मूलपेशी. इतर पेशी काही वेळा विभागून संपतात. मूलपेशी मात्र आपल्यासारखी दुसरी मूलपेशी घडवू शकते. हरळीचे पाते आणि तिची मुळी यांत जो भेद, तोच येथे.

२००५ साली फ्रान्झिस्का मिकोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी इमॅटिनिब घेणाऱ्या १६९ रुग्णांच्या रक्ततपासण्यांना गणिताची जोड दिली. मूलपेशींपासून पूर्ण वाढलेल्या पेशींपर्यंत चार पायऱ्या कल्पून प्रत्येकीच्या वाढीची व घटीची समीकरणे मांडली. रोगपेशी प्रथम रोज शेकडा ५ या वेगाने घटतात. पुढे तो वेग शेकडा १ हूनही खाली येतो. पहिली उतरण वाढलेल्या पेशींची, दुसरी त्यांच्या पूर्वज पेशींची. मूलपेशींना औषध मारीत नाही, असे धरले म्हणजे आकडे जुळतात. पाते कापले, मुळी राहिली!

तथापि समीकरण म्हणजे प्रत्यक्ष माणूस नव्हे. फ्रान्समध्ये दोन वर्षांहून अधिक काळ सूक्ष्म तपासणीतही रोग न आढळलेल्या १०० रुग्णांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबविण्यात आली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, किमान वर्षभर पाहणीत असलेल्यांपैकी शेकडा सुमारे ४० जणांचा रोग परतला नाही. ज्यांचा परतला, त्यांतील बहुतेकांचा सहा महिन्यांतच परतला. गोळी पुन्हा सुरू केल्यावर तिचा गुणही आला. म्हणजे गोळी थांबू शकते. पण केव्हा, हे तपासणीने आणि डॉक्टरांनी ठरवायचे, आपल्या मनाने नव्हे.

गुरुजींनी हे सारे शांतपणे ऐकले. मग जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर पेन्सिलीने त्या दोन उतरणी काढल्या. दुसरी रेषा तळाकडे जात होती, पण तळाला टेकत नव्हती. तिच्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

‘‘शून्य दिसणे निराळे आणि शून्य असणे निराळे. जन्मभर मुलांना हेच सांगत आलो,’’ ते म्हणाले आणि आत हाक मारली, ‘‘अहो, जेवायला वाढा. जेवणाबरोबर गोळी घ्यायची आहे.’’