शेवटचे पाच हजार

लोखंडी गेट बनवणाऱ्याचा हिशेब गिऱ्हाईक कधी मांडून बघत नाही. समजा गेट ३०,००० रुपयांना ठरलं. त्यातले १८,००० पाइप-पत्र्याचे, म्हणजे लोखंडाच्या दुकानदाराचे. वेल्डिंगचे रॉड, रंग, टेम्पोचं भाडं मिळून ३,०००. दोन हेल्परांची मजुरी ५,०००. उरले ४,०००, ते त्याचे. शेडचं भाडं आणि विजेचं बिलही त्यातूनच. मालकाने सुरुवातीला २०,००० दिले, गेट बसवताना ५,००० दिले आणि म्हणाला, "राहिलेले पाच बघू नंतर." आपण जवळजवळ सगळे पैसे चुकते केले, असं मालकाला मनापासून वाटत असतं. कारागीर मात्र आठवडाभर राबून वर पदरचे हजार रुपये घालून बसलेला असतो.

थकलेली बाकी नेहमी शेवटचीच असते आणि मजुरी नेमकी त्या शेवटच्या पैशांतच असते. लोखंडवाल्याला त्याचे पैसे आधी मिळालेले असतात.

मी छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो. वेल्डर, सुतार, शिंपी, पेंटर, गादीवाले. बरेचसे आपल्याच मोहल्ल्यातले. त्यांच्या वह्यांत बुडालेल्या बाकीची नावं वाचताना एक गोष्ट दिसते. गरीब माणूस त्यात फारसा नसतो. तो शंभर-दोनशे करत का होईना, फेडून टाकतो, कारण उद्या पुन्हा याच दुकानाची पायरी चढायची आहे हे त्याला ठाऊक असतं. पैसे बुडवणारा बहुधा चांगला खाऊन-पिऊन सुखी असतो. दोन मजली घर, दारात गाडी, लोकांत मान. त्याची वाक्यंही ठरलेली. पहिल्या हेलपाट्याला "देतो की, पळून चाललोय का?" दुसऱ्याला साहेब घरात नसतात. तिसऱ्याला कडी घट्ट बसते, रंगाचा पोपडा आलाय, असं अचानक निघतं. सहा महिने त्याच गेटातून गाडी आत-बाहेर करताना ते कुणाला दिसलेलं नसतं.

कारागीर सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असं नाही. अ‍ॅडव्हान्स घेऊन पंधरा दिवस फोन न उचलणारे आणि ईदचे कपडे ईद झाल्यावर देणारे आपल्याकडे भरपूर आहेत. गिऱ्हाईकाने त्यापायी पैसे कापायलाही हरकत नाही. पण मग तोंडावर सांगावं की या चुकीचे इतके कापले, हे उरलेले घे आणि हिशेब मिटव. आकडा न सांगता झुलवत ठेवणं ही शुद्ध टोलवाटोलवी झाली.

आपल्या समाजात हा विषय धर्माचा मानला जात नाही, याचं मला नवल वाटतं. घामाचा थेंब सुकण्याआधी मजुराची मजुरी द्या, ही हदीस लहान मुलालाही माहीत असते. ऐपत असताना देणं लांबवणं हा जुलूम आहे, असंही प्रेषितांनी (स.) सांगितलं आहे. जुम्याच्या बयानात नमाज, दाढी, पडदा यांवर तासभर बोललं जातं. वेल्डरच्या बाकीवर बोललेलं मी तरी क्वचितच ऐकलं. उमऱ्याला निघालेल्या माणसाला आपण हार घालतो. गेटचे पैसे दिलेत का, हे त्याला कुणी विचारत नाही. काही ठिकाणी मशिदीच्या रंगकामातही पेंटरला सांगितलं जातं, "अल्लाहचं काम आहे, मजुरीत थोडं सोड." सोडायचं की नाही हे पेंटरने ठरवायचं. कमिटीने परस्पर कापून घेतलं तर त्याला दान कसं म्हणणार?

कुरआनात सूरह बकरामध्ये दोन आयती जवळजवळ आहेत. २८०वी सांगते की कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मुदत द्या, माफ केलं तर अधिक चांगलं. पैसे बुडवणाऱ्यांना ही आयत तोंडपाठ असते. दोनच आयती पुढे, २८२वी, कुरआनातली सगळ्यात लांब आयत येते. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असं ती सांगते. आपला कारागीर मात्र लिहून घ्यायला लाजतो. "ओळखीचे आहेत, कागद मागितला तर वाईट वाटेल." ज्यांच्या धर्मग्रंथातली सर्वांत लांब आयत उधारीच्या कागदाबद्दल आहे, त्यांनी कागद मागण्यात कसला कमीपणा मानायचा!

आणखी एक कारण आहे, ते मोठ्याने बोललं जात नाही. मिश्र वस्तीत मुसलमान कारागीर वसुलीला गेला आणि आवाज चढला, तर भांडण पैशाचं राहणार नाही, त्याला दुसरंच नाव पडेल, ही भीती. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांच्या मनात ती आहे. ती कितपत खरी, यावर वाद घालता येईल. तिच्यापायी बाकी सोडून दिल्या जातात हे मी वह्यांत बघतो. आणि गिऱ्हाईक आपल्यातलं असलं की "आता आपल्या माणसाकडूनही मोजून घेणार का?" म्हणजे परक्याकडे मागायची भीती, आपल्याकडे मागायची लाज.

म्हणूनच मागायची वेळ येण्याआधीच बंदोबस्त हवा. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं कलम १७० सांगतं की दुसऱ्याच्या वस्तूवर कष्ट करणाऱ्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. कायद्यातच शिंप्याचं उदाहरण दिलं आहे. पण शिंप्याने कोट शिवताच द्यायचं आणि पैशाला तीन महिन्यांची मुदत कबूल केली असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. चाँदरातला "कपडे न्या, पैसे ईदनंतर द्या" म्हणणारा आपला शिंपी नेमकं हेच करतो. कपडा हातातून गेला की उरतो फक्त तगादा. वेल्डरचं तर त्याहून अवघड. गेट भिंतीत बसलं की ते काढून आणणं म्हणजे पोलीस ठाण्याची पायरी. त्याचा जोर गेट शेडमध्ये असेपर्यंतच. बहुतेक पैसे तेव्हाच घ्यावेत, बसवायच्या दिवसासाठी हजार-दोन हजारांपेक्षा जास्त ठेवू नयेत.

भाव आणि हप्ते आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून "ठीक आहे" एवढं तरी लिहून घ्यावं. बाकी थकली तर साधारण तीन वर्षांत दावा लावावा लागतो, पुढे मुदत संपते. देणेकऱ्याने त्या मुदतीत सहीनिशी बाकी कबूल केली तर ती नव्याने सुरू होते. कंपनी, बिल्डर, शाळा यांची कामं करणाऱ्यांनी काम घेण्याआधीच उद्यम नोंदणी करावी, ती फुकट आहे. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे अशा लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. लांबवले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं.

आपल्याकडे जनाजाच्या वेळी घरचं कुणीतरी उभं राहून सांगतं की मरहूमकडे कुणाचं देणं असेल तर आम्हाला भेटा. प्रेषित (स.) सुरुवातीच्या काळात जनाजा समोर आला की आधी विचारत, याच्यावर कर्ज आहे का? त्यातूनच आलेली ही रीत. सफेत वेल्डरही उभा असतो, त्याच्या वहीत मरहूमचं नाव असतं. तो मान खाली घालून नमाज पढतो आणि घरी जातो. मय्यतीच्या घरी पाच हजारांसाठी काय जायचं, असं त्याला वाटतं. मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगतो, आठ-दहा दिवस जाऊ द्या आणि वही घेऊन जा. मुलांनी चारचौघांत बोलावलंय तुम्हाला.