साप म्हणजे काय तुमचा बाळ्या आहे, भरवायला?

मंडळी, आपल्याकडे 'खात नाही' ह्या दोन शब्दांची भारी धास्ती. पोर खात नाही, जावई लाजून खात नाही आणि आता साप खात नाही! विरारच्या टॉवरमध्ये बॉल पायथन पाळायचा, तिसऱ्या दिवशी उंदीर तसाच पडलेला दिसला की घाबरायचं, आणि मग कुणीतरी ज्ञानी सल्ला देतो : "जबडा उघड आणि चिमट्याने घाल आत."

च्यायला, का पण?

हा प्राणी पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. उंदरांच्या बिळात, वाळवीच्या वारुळात दडून राहणारा. घाबरला की अंगाचा गोळा करतो, म्हणून नाव बॉल. त्याला तुम्ही चहूबाजूंनी काचेच्या पेटीत ठेवणार, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गळ्यात घालून फोटो काढणार, एसी २२ वर ठेवणार, आणि वर म्हणणार हट्टी आहे! सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते हो. बाहेरून ऊब मिळाली नाही तर पोटातलं पचत नाही, सडतं. तो खात नाही हे शहाणपण आहे त्याचं. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, तेव्हाही बरेचदा तोंड लावत नाही. मोठा धडधाकट बॉल पायथन काही महिने सहज उपाशी राहू शकतो. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोसेस हँग झालेली नाही, नुसती थांबलीय. तुम्ही लगेच किल मायनस नाइन मारताय.

कोंबल्याने तोंडाला, घशाला जखमा होतात, खाल्लेलं उलटतं आणि बिचारा आणखी बिथरतो. त्यापेक्षा पेटीची एक बाजू ३१-३२ अंशांवर ठेवा, अंगाला घट्ट बसेल अशी अंधारी लपायची जागा द्या, आठवडाभर हात लावू नका. मग मेलेला उंदीर कोमट करून संध्याकाळी ठेवा. वजन मात्र नोंदवत राहा. ते सारखं घटत असेल किंवा तोंडातून फेस येत असेल तर सरपटणारे प्राणी जाणणारा डॉक्टर गाठा. शेजारचा ज्ञानी नको.

नागपंचमीचं दूध हा ह्याच रोगाचा जुना प्रकार. गारुडी नागाचे दात पाडतो, दिवसेंदिवस तहानलेला ठेवतो, मग तो समोर येईल ते पितो. आपण हात जोडतो! ते दूध त्याला पचत नाही, फुप्फुसात गेलं तर जीवच जातो.

आणि तुंगारेश्वरच्या पायथ्याशी किंवा मिठागराकडे सापडलेली धामण 'अशक्त दिसली' म्हणून घरी ठेवणारे महाभाग? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, तुम्ही कितीही प्रेमाने भरवा. विदेशी सापांचंही आता रान मोकळं नाही. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि बॉल पायथन साइट्सच्या यादीत असल्याने त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. दुकानदार हे सांगत नाही. त्याचं कुठे अडलंय? उंदीर त्यालाच विकायचे असतात.