घरसंसार : गारवा कोणाच्या खोलीत?

गेल्या उन्हाळ्यात बडोद्याच्या एका परिचित कुटुंबाकडे आमचे जाणे झाले. दिवाणखान्यात दोघा भावांचा वाद रंगला होता. थोरल्यांचे म्हणणे, साऱ्या तळमजल्यासाठी एकच मध्यवर्ती वातानुकूलन बसवावे; धाकट्यांचे म्हणणे, खिडकीत बसणारी यंत्रे ऐपतीप्रमाणे एकेक करून घ्यावीत. आम्हांस पाहताच त्यांनी आम्हांला पंच नेमले.

दोन्ही यंत्रांचे तत्त्व एकच आहे. यंत्र थंडी निर्माण करीत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकते. १९०२ साली विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने अशी योजना आखली, ती माणसांच्या सुखासाठी नव्हे, तर ब्रुकलिनच्या एका छापखान्यातील कागद दमट हवेने बिघडू नये म्हणून! यंत्राची शक्ती आपण 'टनां'त मोजतो तीही बर्फाच्या हिशेबाने. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवण्यास जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता एक टनाचे यंत्र तेवढ्या वेळात बाहेर काढते.

मध्यवर्ती यंत्राचा आवाज घराबाहेर राहतो, खिडक्या मोकळ्या राहतात, घराला शोभाही येते. तथापि हवेचे नळ झाकण्यास खोटे छत लागते, आणि स्लॅबच्या घराची उंची तेवढी घटते. नळांचे सांधे सुटले तर विकत घेतलेला गारवा छताच्या पोकळीतच जिरतो. खोलीखोलीला झडपा नसतील तर रिकाम्या खोल्याही थंड होत राहतात. पाच टनांचे यंत्र पूर्ण भाराने सुमारे पाच ते सहा किलोवॉट वीज घेते. दीड टनाचे खिडकीतील यंत्र दीड ते पावणेदोन. शिवाय मध्यवर्ती यंत्र रुसले की सारा मजला तापतो. खिडकीतले यंत्र आवाज करते, उजेड अडवते. त्याला स्वतंत्र जाड तार आणि पाणी बाहेर ओघळण्यापुरता उतार द्यावा लागतो. परंतु एक बंद पडले तरी दुसऱ्या खोलीचा आसरा उरतो.

इतके सांगून झाल्यावर आम्ही सहज विचारले, "आजी कोठे आहेत?"

आजी माडीवर होत्या, थेट गच्चीखालच्या खोलीत. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता ओतीत होता. थोरल्यांच्या आराखड्यात नळ माडीपर्यंत पोहोचतच नव्हते. धाकट्यांचे पहिले यंत्र पाहुण्यांच्या दिवाणखान्यासाठी होते. "मला पंखा पुरे हो," आजी म्हणाल्या. विजेच्या बिलाची धास्ती त्यांच्या बोलण्यात स्पष्ट होती.

पंखा पुरत नाही, वाचकहो. हवा चाळीस अंशांपलीकडे गेली की पंखा तप्त हवाच अंगावर घालतो. वृद्धांना तहान कमी लागते, घामही कमी येतो. त्यामुळे उष्मा त्यांना गुपचूप गाठतो. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६ अंशांवर गेला आणि मृत्यूंची संख्या भयंकर वाढली. त्यातूनच २०१३ साली त्या शहराने उष्म्याशी सामना करण्याची योजना आखली.

आमचा निवाडा दोघा भावांनाही थोडा लागला असावा. पहिले यंत्र एक टनाचे, खिडकीतले, आणि ते आजींच्या खोलीत. गच्चीला पांढऱ्या चुन्याचा हात. यंत्र २६ अंशांवर ठेवून पंखा मंद. तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे सांगणे आहे. जाळी दर पंधरवड्यास धुवावी. बाकीचा विचार पुढल्या वर्षी.

जूनच्या आरंभी आम्ही पुन्हा गेलो, तो नातवंडांच्या गाद्या माडीवर पसरलेल्या! आता आजींची तक्रार एवढीच, की मुले रात्री गोष्टी ऐकल्याशिवाय झोपू देत नाहीत.