ओळंबा आणि 'ओला'

दिवाळीच्या आधी भाच्याचा फोन आला. वय एकोणीस, पुण्यात इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. "मामा, उन्हाळ्यात ग्वाटेमालाला जाऊ का? सकाळी स्पॅनिशचा क्लास, दुपारी गरिबांसाठी घरं बांधायची, राहायचं तिथल्याच फॅमिलीकडे. सॉलिड आहे ना?"

सॉलिड होतंच. खर्चाचा आकडा तर त्याहून सॉलिड.

मी विचारलं, "कधी वीट रचलीयस?"

"तिथे शिकवतात रे!"

हा डायलॉग ओळखीचा होता. आमचाच.

नांदेडला कॉलेजात असताना एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर होतं. एका आजींच्या घराची पडकी भिंत आमच्या ग्रुपनं उभारायला घेतली. तीन दिवस घमेली वाहिली, भरपूर फोटो काढले, हाताचे फोड एकमेकांना दाखवले. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत विसरलेली बाटली आणायला मागे गेलो, तर गवंडीकाका आमची भिंत उतरवत होते.

"काय करू लालाव काका?"

"पाडू लालो. ओळंब्यात न्हाई. एखाद्या रातीला म्हातारीच्या अंगावर येईल."

मी गुपचूप मागे फिरलो. त्यांचा रोज बुडाला, माल वाया गेला. आम्हाला मात्र श्रमदानाचं सर्टिफिकेट मिळालं.

आमच्या मराठवाड्यात 'अंगावर येईल' हा शब्द कोणी सहज वापरत नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. किल्लारीचा भूकंप 6.2 तीव्रतेचा. जगाच्या हिशेबात फार मोठा नव्हे, पण हजारो माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवदाचं मातीचं ओझं. घरांनीच माणसं गाडली. नंतर लातूर-उस्मानाबादकडची 52 गावं नव्या जागी वसली. बाकीच्या गावांत जुनी घरं मजबूत करायची होती: माळवदावरची माती कमी करायची, भिंतीत आरपार जाणारे लांब दगड घालायचे. हे घरोघरी पटवणार कोण? त्यासाठी गावातल्याच बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या. त्यांना साहेबांचं म्हणणं कळत होतं आणि शेजारणीची भीतीही. म्हणजे भाषा हेसुद्धा बांधकामाचंच हत्यार!

आणि बॉस, आपणही कुणाचं तरी ग्वाटेमाला आहोतच. 2006 मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर हातोडी घेऊन आले होते, वयाच्या 82 व्या वर्षी. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीचा उपक्रम, 100 घरं, देशोदेशीचे स्वयंसेवक, वर ब्रॅड पिट. पेपरांना फोटो मिळाले ब्रॅड पिटचे. पण कार्टर सुतारकामात मुरलेला माणूस होता, हे विसरू नका. नुसत्या चांगुलपणानं खिळा सरळ जात नाही.

भाच्याला 'जाऊ नकोस' म्हणालो नाही. आपण कोण अडवणारे? तीनच प्रश्न दिले. तिथे गवंडी कोण, आणि त्याला पगार मिळतो का? तुझी भिंत तपासणार कोण? घर कुठे आणि कसं हवं, हे राहणाऱ्या माणसाला विचारलंय का? उत्तरं आली तर खुशाल जा. तोवर इथे पुण्यातच रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिक.

"आणि दिवाळीत नांदेडला जा. आजीच्या घराची कंपाउंडची भिंत काढलीय. बिगारी कमी आहेत."

गेला. आधी तोंड वाकडं करूनच गेला. आजीचं बोलणं त्याला निम्मं कळत नाही, हे आमच्या घरातलं जुनं दुखणं. ती दोन वाक्यं बोलते, हा 'हं हं' म्हणतो आणि मोबाइल काढतो.

पाचव्या दिवशी फोन आला. मागे आजीच्या हसण्याचा आवाज.

"काय करतोयस रे?"

"जेवू लालो, मामा!"

"भिंत किती बांधलीस?"

"बांधली नाही. माल कालवला. काल काकांनी ओळंबा धरू दिला." थोडं थांबून म्हणाला, "त्या लोकांना मेल टाकलाय. तिन्ही प्रश्न विचारलेत."

अजून उत्तर आलेलं नाही. पण आता ग्वाटेमालात जाऊन हा कुणाला 'ओला' म्हणाला, तर माझी हरकत नाही.