लाल अक्षरांचा धंदा
"अरे, तुला थायरॉईड झालाय!" टीएसएच ५.२ बघून ऑफिसातल्या तिघांनी निदान करून टाकलं. मंडळी, लॉगमधली प्रत्येक वॉर्निंग म्हणजे बग नसतो, हे आपल्याला कोणी शिकवायचं? टी४ नॉर्मल असेल तर किंचित वाढलेला टीएसएच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. बऱ्याचदा तो आपोआप खाली येतो. माझाही आला.

खरा घोळ दुसऱ्या पानावर होता. बी१२ फक्त १४० पिकोग्रॅम, २००च्याही खाली. पिढीजात शाकाहारी ना आम्ही! तिकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

सत्तर टेस्टची 'पॅकेजं' विकणाऱ्यांना तुमच्या थकव्याशी देणंघेणं नाही. रिपोर्ट डॉक्टरला दाखवा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा. त्याने थायरॉईडचे आकडे चुकू शकतात. बाकी निदान करायला ऑफिस आहेच!