बाई बदलली का नियम बदलते

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. धान कापून चुरून झाले, मंडई आटोपली, पाहुणे आपापल्या गावी गेले. आता निवांत भांडायला हरकत नाही. भांडण घरचंच आहे. दिवाळीत ओसरीवर जे बोलणं झालं, त्यातलं निम्मं माझ्या घशातच राहिलं, ते इथे टाकतो. ताई, भाऊजी, तुम्ही वाचणार हे ठाऊक आहे. राग आला तर फोन करा.

विषय अर्थातच भाच्याचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : धानाच्या चुकाऱ्यातले एक लाख ऐंशी हजार रुपये पोराने मोबाईलवरच्या लाईव्ह रुलेटमध्ये घालवले. एकोडीत बसून. रात्री मच्छरदाणीत, आवाज बंद करून.

लाईव्ह रुलेट म्हणजे कार्टूनचं चाक नव्हे. खरं चाक, खरा चेंडू, आणि चाकाशेजारी उभी खरी मुलगी. तिला डीलर म्हणतात. कुठल्यातरी लांबच्या देशातल्या स्टुडिओतून तिचं चित्रण आपल्या फोनवर येतं. (लाटव्हियाच्या रीगा शहरात असे मोठे स्टुडिओ आहेत. मुली पाळीपाळीने उभ्या राहतात.) पैसे लावायला काही सेकंद मिळतात, मग ‘नो मोअर बेट्स’, आणि चेंडू पडेल तो आकडा.

एका रात्री भाच्याने 17 वर पाचशे लावले. चेंडू 17 मध्ये बसला. आणि बाईने हात हलवून ‘नो स्पिन’ म्हटलं. चेंडू कडेने पुरते तीन फेरे फिरला नव्हता, सबब फेरी रद्द. पाचशे परत, साडेसतरा हजार हवेत. नियम असेल तर असेल. पण चार दिवसांनी दुसरी बाई होती, चेंडू तसाच अर्धवट फिरून भलत्या आकड्यावर पडला, तिने काही न बोलता तो आकडा जाहीर केला आणि याचे पैसे गेले. याने तक्रार लिहिली. उत्तर आलं, डीलरचा निर्णय अंतिम.

ओसरीवर त्याने हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज कापत होता. "मामाजी, बाई बदलली का नियम बदलते."

त्यावर सगळे हसले. मोठ्या काकांनी निकाल दिला : जुगाऱ्याला कसला आलाय नियम! विषय संपला, चिवडा पुढे सरकला.

माझं भांडण त्या हसण्याशी आहे.

आधी भाच्याची बाजू तपासतो, नाहीतर म्हणाल मामा लाडावतो. त्याने एक वही केली होती. तारीख, वेळ, कुठली डीलर, काय चुकलं. तीसेक नोंदी. मी ती दोन रात्री वाचली. एकही नोंद अशी नव्हती की फेरी रद्द झाली आणि त्यामुळे याचे बुडणारे पैसे वाचले. तसं कधी झालंच नाही का रे? म्हणे, झालं असेल, लिहिलं नाही. म्हणजे वही खोटी नव्हती, अर्धी होती.

दुसरं, वहीत नसलेलं. या चाकावर 0 ते 36 असे 37 आकडे. लागलेल्या आकड्याला 35 पट मिळतात आणि लावलेले परत. सदतीसही आकड्यांवर शंभर-शंभर लावा : गेले 3700, आले 3600. डीलर देवमाणूस असली, चेंडू दहा फेरे फिरला, तरी शंभराला दोन रुपये सत्तर पैसे घरच्याचे. तासाला पन्नास फेऱ्या, दर फेरीला शंभर, म्हणजे तासाला सरासरी 135 रुपये शांतपणे जाणार. पोरगा बाईच्या हाताकडे बघत राहिला आणि पैसे शून्याच्या घरातून जात राहिले. ‘नियम नीट पाळले असते तर मी जिंकलो असतो’ ही समजूतच त्याला पुढच्या रात्री पुन्हा बसवत होती.

इतकं कबूल करूनही म्हणतो, त्याची तक्रार खरी आहे.

का, ते मंडईत कळलं. मंडईच्या कडेला, कंदिलाच्या उजेडात, झेंडीमुंडीचा डाव बसतो हे आपल्यापैकी कुणी पाहिलं नाही असं म्हणू नये. 1887 च्या जुगारबंदी कायद्याने तोही गुन्हाच आहे, त्याची वकिली मी करत नाही. सहा फासे, झेंडा, मुंडी आणि पत्त्यांची चार चिन्हं. मी पाहिलेल्या पद्धतीत आपलं चित्र दोन फाशांवर आलं तर दुप्पट, तीनवर आलं तर तिप्पट, एकावर किंवा एकावरही नाही तर गेले. हिशेब मांडून बघितला : चारपैकी जवळजवळ तीन वेळा पैसे जातात, सरासरीने शंभराला चौदा. रुलेटच्या पाचपट लूट!

पण एक फासा कापडाच्या घडीला टेकून तिरपा थांबला की काय होतं? भोवतालचे पंचवीस जण एकदम ओरडतात. ज्याने पैसेच लावले नाहीत तोही ओरडतो. डाववाल्याला फासे पुन्हा टाकावे लागतात, आणि मघाशी तिरपा फासा धरला नाही तर आत्ताही धरता येत नाही, कारण मघाचं पाहिलेली माणसं तिथेच उभी असतात. लुटारू धंदा, पण नियम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

मोबाईलवरच्या चाकाभोवती एकाच वेळी शेकडो माणसं असतील आणि तरी प्रत्येकजण आपापल्या मच्छरदाणीत एकटा. त्या फेरीचं चित्रण कुणाकडे? घरच्याकडे. फेरी रद्द कुणी ठरवायची? घरच्याने. तक्रार कुणाकडे? घरच्याकडेच. तेव्हा त्या मुलीला शिव्या देण्यात अर्थ नाही (भाच्याने दिल्या होत्या, ते मला अजिबात आवडलं नाही). ती पगारी नोकर, तिच्या हाताखालून तासात कितीतरी फेऱ्या जातात, एखादी निसटणारच. चूक निसटली की ती कुणीतरी तिसऱ्याने पकडायची सोय असावी लागते. ब्रिटनमध्ये परवानाधारक ऑनलाईन जुगारवाल्याला ग्राहकाचा वाद त्रयस्थ संस्थेपुढे फुकट नेण्याची सोय द्यावीच लागते. आपल्याकडे? 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 सांगतं, पैजेचा करार शून्य, जिंकलेले पैसे मागायला कोर्टात जाता येत नाही. आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाईन खेळच बंद केले. चांगलं केलं. पण कुणीतरी पाठवलेल्या लिंकवर याचा खेळ त्यानंतरही चालूच होता, दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावाच्या यूपीआयवर पैसे टाकून. तिथे कसला नियम आणि कसली बाई! पैसे कुणाकडे गेले तेच धड माहीत नाही.

आणि हे फक्त अडाणी पोरांचं होतं असं समजू नका. गोंदियाचं 2023 चं प्रकरण आठवतं ना? नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाईन जुगारात सुमारे 58 कोटी गेल्याची तक्रार केली आणि नागपूर पोलिसांनी गोंदियात छापा घालून नोटा आणि सोनं मोजलं. त्याच्या तक्रारीतही हेच होतं, की खेळ सरळ नव्हता. तेव्हा कुणी ‘जुगाऱ्याला कसला नियम’ म्हणून हसलं नाही. तो व्यापारी होता ना. आपल्या पोराचे पावणेदोन लाख गेले की मात्र तो जुगारी, आणि वर ‘गावात बोभाटा नको’.

काकांचं ते वाक्य त्या लिंकवाल्यांच्या पथ्यावर पडतं. घरचेच तोंड बंद करतात, त्यांना वेगळं काही करावंच लागत नाही. नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. म्हणजे पोलिसांकडे जायला घाबरायचं कारण पोराला नाही, आपल्याला आहे. 1930 या सायबर हेल्पलाईनवर पहिल्याच दिवशी फोन केला असता तर निदान शेवटचे काही हजार कुठल्यातरी खात्यात अडकवता आले असते कदाचित. आपण ते दिवस कुणी काय म्हणेल यात घालवले.

17 नंबरचे साडेसतरा हजार मागायला मी जाणार नाही. ते मिळणारही नाहीत, आणि भाच्याला मी तसं स्पष्ट सांगितलंय. पण ज्या ज्या यूपीआयवर पैसे गेले ती नावं आणि तारखा त्याने वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवल्यात, अगदी सुवाच्य अक्षरात. सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं साकोलीला जातोय.

भाऊजी, वही तुमच्या कपाटात कुलपात आहे. रविवारी रात्रीपर्यंत काढून ठेवा.